डोंगरातल्या दुर्गम गावात पिण्याचे शुद्ध पाणी: उगमापासून तोटीपर्यंत

डोंगरात वसलेल्या दुर्गम गावाच्या आसपास पाणी मुळीच नाही, असे क्वचितच आढळते. बहुतेक ठिकाणी वरच्या अंगाला एखादा झरा असतो. पण तो दूर असतो, कोरड्या ऋतूच्या अखेरीस त्याची धार बारीक होते, जनावरांच्या पायांनी तो गढूळ होतो, आणि तिथून घरापर्यंत पाणी वाहून आणण्यात बायकामुलींचे दिवसातले कित्येक तास जातात. असा झरा गावापेक्षा उंचावर असेल, तर विजेशिवाय आणि इंधनाशिवाय, केवळ उताराच्या बळावर त्याचे पाणी गावात आणता येते. या लेखात मुख्यतः अशाच गुरुत्व नळयोजनेची रीत सांगितली आहे. अशा योजना बंद पडतात तेव्हा दोष नळावर टाकला जातो. परंतु बहुतेक वेळा खरे कारण दोनांपैकी एक असते: झरा चुकीच्या ऋतूत मोजलेला असतो, किंवा योजना सुरू झाल्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी कोणावरही सोपवलेली नसते. म्हणून या दोन गोष्टींना येथे नळजोडणीपेक्षा अधिक जागा दिली आहे.

झऱ्याची मोजणी

झरा मोजण्याची वेळ एकच: कोरड्या ऋतूचा शेवट, पुढचा पाऊस पडण्याच्या किंवा बर्फ वितळू लागण्याच्या अगोदर. पावसाळ्यात भरभरून वाहणारा झरा पाहून आखलेली योजना वर्षातले काही महिने पाणी देते आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत कोरडी पडते. शक्य असेल तर किमान एक संपूर्ण वर्ष दर महिन्याला मोजणी करावी. तेवढा अवधी नसेल तर गावातल्या वृद्ध माणसांना, आणि विशेषतः रोज पाणी भरणाऱ्या स्त्रियांना, सर्वांत वाईट वर्षी धार किती उरली होती, झरा कधी पूर्ण आटला होता का, एक भांडे भरायला किती वेळ लागत असे, हे विचारावे. या माहितीला कागदावरच्या कोणत्याही अंदाजापेक्षा अधिक मोल द्यावे.

मोजणीची पद्धत सोपी आहे. झऱ्याच्या खाली माती आणि दगडांचा लहानसा बांध घालून सगळे पाणी एका नळीच्या तुकड्यातून पडेल असे करावे, बांधातली पातळी स्थिर होऊ द्यावी, आणि माहीत असलेल्या मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. ही कृती चार-पाच वेळा करून सरासरी घ्यावी. २० लिटरची बादली ६० सेकंदांत भरत असेल तर झऱ्याचा विसर्ग सेकंदाला ०.३३ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २८,८०० लिटर होतो. बारीक दिसणारी धार रात्रंदिवस वाहत असल्यामुळे किती पाणी देते, हे अनेकांना या हिशेबानंतरच पटते.

यानंतर गरजेचा हिशेब करावा. समजा गावात आज ३०० माणसे आहेत आणि योजना २० वर्षे पुरावी अशी अपेक्षा आहे. लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांनी वाढेल असे धरले तर २० वर्षांनी सुमारे ४५० माणसे होतील. सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या माणसाला दिवसाला ४५ लिटर धरले तर एकूण गरज २०,२५० लिटर होते. आपत्तीच्या काळात छावण्यांसाठी माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान प्रमाण मानतात. त्यावरून ४५ लिटर ही चैन नव्हे, हे लक्षात यावे. वरच्या उदाहरणातल्या झऱ्यातून सेकंदाला पाव लिटर घेतले तर दिवसाला २१,६०० लिटर मिळतात, गरज भागते, आणि जवळजवळ चतुर्थांश पाणी झऱ्याच्या खालच्या ओहोळासाठी सुटते. शेवटचा थेंबही नळात घालणारी योजना आखू नये. त्या ओहोळावर पक्षी, जनावरे आणि खालच्या अंगाची शेते अवलंबून असतात आणि त्यांचा हक्क आपल्याआधीचा असतो.

माणसांच्या हक्कांचा विचारही याच टप्प्यावर करावा. झरा कोणाच्या जमिनीत आहे, त्याचे पाणी आज कोण वापरते, नळ कोणाकोणाच्या शेतातून जाणार आहे, खालच्या वस्तीला काय वाटते, या सर्वांची उत्तरे खोदाईच्या आधी मिळवून ती लेखी करारात उतरवावीत. तोंडी संमती पहिल्या टंचाईत मोडते. करारात कोणी किती पाणी घ्यायचे याबरोबरच, झरा कमी झाला तर कपात कशी वाटून घ्यायची हेही लिहिलेले असावे. दोन वस्त्यांमधला वाद मिटत नसेल तर दूरचा, पण निर्विवाद झरा निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते, मग त्यासाठी नळ एक-दोन किलोमीटर अधिक लागला तरी चालेल.

पाणी पिण्याजोगे आहे का

झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून शुद्ध असतेच असे नाही. पहिली परीक्षा उघड्या डोळ्यांनी होते: जोराच्या पावसानंतर काही तासांतच झरा गढूळ होत असेल, तर पृष्ठभागावरचे पाणी मातीच्या थरांतून पुरेसे गाळले न जाता थेट आत शिरत आहे, आणि त्याबरोबर विष्ठेतले जंतूही येऊ शकतात. चुनखडीच्या डोंगरातल्या झऱ्यांबाबत ही शंका कायम ठेवावी, कारण तेथील भेगा आणि पोकळ्या पाणी गाळत नाहीत, नुसते वाहून आणतात. याउलट ज्या झऱ्याचे तापमान आणि विसर्ग वर्षभर फारसे बदलत नाहीत, त्याचे पाणी खोलवरून येत असण्याची शक्यता जास्त असते.

प्रयोगशाळेची तपासणी निदान दोनदा करावी, एकदा कोरड्या ऋतूत आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेची खूण मानला जाणारा जंतू मुळीच आढळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा, नायट्रेट ५० मिलिग्रॅमपेक्षा आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जंतूंवर गावात उपाय करता येतो. फ्लोराइड आणि आर्सेनिक मात्र उकळण्याने किंवा क्लोरीनने जात नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रमाण जास्त निघाले तर दुसरा झरा शोधणेच बरे. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा, थंड आणि अंधारात ठेवावा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. इतक्या वेळात पोहोचणे अशक्य असेल, तर हायड्रोजन सल्फाइडची चाचणी देणारी बाटली वापरावी. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ती काळी पडली तर पाणी दूषित असण्याचा संभव मोठा आहे.

झऱ्याभोवतीचे बांधकाम

संपूर्ण योजनेत सर्वांत नाजूक काम हेच आहे, आणि ते बहुधा सर्वांत घाईने उरकले जाते. पाणी जिथे पृष्ठभागावर दिसते ते झऱ्याचे खरे तोंड असतेच असे नाही. पाणी मातीतून पसरत खाली येऊन मग बाहेर पडलेले असते. म्हणून डोंगराच्या पोटाच्या दिशेने हळूहळू, हाताने खोदत जावे, जोपर्यंत पाणी खडकाच्या किंवा चिकणमातीच्या न झिरपणाऱ्या थरावरून एका जागी फुटताना दिसत नाही. येथे सुरुंग कधीही लावू नये आणि तो खालचा थर पहारीने फोडूही नये. त्याला भेग पडली तर झरा जमिनीत उतरून कायमचा नाहीसा होऊ शकतो. खोदताना पाणी तात्पुरत्या चरातून बाजूला वाहते ठेवावे, अडवून साठवू नये.

तोंड सापडले की त्याच्यासमोर धुतलेले गोटे आणि खडी रचावी आणि खालच्या बाजूला पाया घट्ट धरणारी दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधावी. भिंतीतून तीन नळ्या काढाव्यात. पहिली गावाकडे जाणारी, जिचे तोंड तळापासून थोडे वर असावे, म्हणजे गाळ आत शिरत नाही. दुसरी तळाशी, धुण्यासाठी. तिसरी जादा पाण्याची सांडनळी, आणि हिची पातळी काटेकोरपणे तपासावी: ती झऱ्याच्या मूळ तोंडाच्या खालीच असली पाहिजे. भिंतीमागे पाणी झऱ्याच्या तोंडापेक्षा वर चढू दिले, तर त्या पाण्याचा भार आतून येणाऱ्या पाण्याला उलटा रेटतो आणि झरा हळूहळू बाजूची दुसरी वाट शोधतो. जास्त पाणी साठवण्याच्या मोहाने भिंत उंच करणाऱ्यांनी चांगले झरे याच रीतीने गमावले आहेत. साठवण करायची ती गावाजवळच्या टाकीत; झऱ्यापाशी पाणी फक्त गोळा करायचे आणि लगेच पुढे जाऊ द्यायचे.

गोट्यांच्या वर चांगली मळून ठोकलेली चिकणमाती किंवा काँक्रीटचा थर द्यावा, त्यावर माती टाकून उताराला गवत लावावे. मोठी झाडे भिंतीजवळ लावू नयेत, त्यांची मुळे फटी शोधतात. पाहणीसाठी ठेवलेल्या तोंडाला कडा उंच असलेले, कुलूप लागणारे झाकण हवे आणि सांडनळीच्या तोंडाला बेडूक व उंदीर शिरणार नाहीत अशी जाळी हवी. झऱ्याच्या वरच्या अंगाला, सुमारे १० मीटरवर, अर्धवर्तुळाकार चर खणून पावसाचे वाहते पाणी दोन्ही बाजूंना वळवावे, आणि त्याच्याही बाहेर कुंपण घालावे. कुंपणात गुरे चारणे, कपडे धुणे आणि खत घालणे बंद असावे. वरच्या उतारावर शौचालय असू नये. पण कुंपणामुळे आजवर येथे पाणी पिणारी गुरे तहानलेली राहत असतील तर ते कुंपण टिकणार नाही, म्हणून सांडनळीचे पाणी खाली नेऊन तेथे त्यांच्यासाठी दगडी कुंड बांधून द्यावे.

पाण्याबरोबर बारीक वाळू येत असेल तर झऱ्याच्या थोडे खाली एक निवळण टाकी बांधावी, जिच्यातून पाणी संथपणे जाईल आणि जड कण तळाशी बसतील.

नळाची वाट आणि दाब

झऱ्यापासून गावापर्यंतचा प्रत्येक चढउतार मोजल्याशिवाय नळ खरेदी करू नये. मोबाइलमधल्या जीपीएसने उंचीत दहा मीटरहून जास्त फरक पडू शकतो. अंतराच्या कच्च्या अंदाजापुरते ते ठीक, उंचीसाठी नाही. लेव्हलचे यंत्र नसेल तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब आणि दोन मापपट्ट्या घेऊन दोन माणसे टप्प्याटप्प्याने खाली उतरली, की वेळ लागतो पण उंची बरोबर मिळते. मोजमापे नोंदून नळाच्या वाटेचा उभा छेद कागदावर काढावा.

या छेदावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, पाणी थांबलेले असताना नळावर येणारा दाब. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब येतो. ६ किलो दाबाचा एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा, नळ ६० मीटर उंचीचे पाणी सोसतो, १० किलोचा १०० मीटर. गावातल्या सर्व तोट्या बंद झाल्या की दाब सर्वाधिक होतो, आणि तो दरीच्या तळाशी असलेल्या नळावर पडतो. झरा गावापेक्षा ३०० मीटर उंच असेल तर मध्ये दाबतोड टाक्या, ज्यांना अभियंते बीपीटी म्हणतात, बांधाव्या लागतात. ही एक लहान, हवेला उघडी असलेली पण झाकलेली टाकी असते; पाणी तिच्यात पडते, साठलेला दाब तिथे संपतो आणि पुढच्या नळाचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कोणत्याही दोन टाक्यांमधला उंचीतला फरक नळाच्या क्षमतेच्या आतच राहील अशी त्यांची जागा निवडावी.

दुसरी गोष्ट, पाणी वाहत असताना घर्षणात खर्च होणारी उंची, आणि येथे नळाचा व्यास निर्णायक ठरतो. आपल्या उदाहरणातले सेकंदाला पाव लिटर पाणी ३ किलोमीटर न्यायचे आहे असे धरू. गुळगुळीत प्लास्टिक नळाचा आतला व्यास २० मिलिमीटर असेल तर सुमारे १२० मीटर उंची घर्षणातच संपते; २६ मिलिमीटर असेल तर सुमारे ३३ मीटर, आणि ३२ मिलिमीटर असेल तर जेमतेम १२ मीटर. व्यासातला बोटभरही नसलेला फरक योजना चालेल की नाही हे ठरवतो. दुकानदार सांगतो तो व्यास बहुधा बाहेरचा असतो आणि जाड भिंतीच्या नळाचा आतला व्यास त्याहून बराच कमी भरतो, म्हणून नळ घेताना आतला व्यास मोजून घ्यावा. सर्वत्र मोठाच नळ घालावा असाही याचा अर्थ नाही: फार मोठ्या नळात पाणी इतके संथ वाहते की माती तळाशी बसत राहते, आणि खर्चही वाया जातो.

घर्षण वजा जाता उरणारी उंची छेदावर तिरप्या रेषेने दाखवली, की नळ कुठेही त्या रेषेच्या वर जाता कामा नये. वाटेत एखादी टेकडी या रेषेच्या वर डोके काढत असेल तर नळ तिला वळसा घालून न्यावा, नाहीतर पाणी तिथे अडते. रेषेच्या खाली असलेल्या उंचवट्यांवरही हवा साचते, तिथे हवेची झडप बसवावी. खोलगट जागी गाळ साचतो, तिथे धुण्याची झडप ठेवावी.

नळ किमान ८० सेंटिमीटर ते एक मीटर खोल पुरावा. कडक थंडीच्या प्रदेशात जमीन जेवढी गोठते त्याच्याही खाली न्यावा, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ फाडते. चराच्या तळाशी टोकदार दगड राहू देऊ नयेत. नळाभोवती चाळलेली माती आधी घालावी, मग बाकीची. प्लास्टिकचा नळ उन्हात उघडा राहिला तर ठिसूळ होतो. जिथे नुसता खडक आहे किंवा ओहोळ ओलांडायचा आहे तिथे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी (जीआय) नळ घालून तो खडकाला किंवा खांबांना घट्ट बांधावा. दरडी कोसळणारा उतार टाळण्यासाठी वाट लांबली तरी चालेल. सांधे बुजवण्यापूर्वी नळात पाणी भरून पूर्ण दाबावर एक दिवस ठेवावे आणि प्रत्येक सांधा कोरडा आहे याची हाताने खात्री करून मगच माती लोटावी.

गावातली टाकी आणि नळकोंडाळी

झरा रात्रंदिवस सारखा वाहतो, माणसे मात्र सकाळी आणि संध्याकाळी पाणी भरतात. हा मेळ टाकी घालते. उदाहरणातल्या झऱ्याचे रात्रीच्या नऊ तासांतले पाणी ८,१०० लिटर होते, म्हणून आठ ते दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुरेशी आहे. ती सर्वांत वरच्या घराच्याही वर असावी आणि तिची जमीन खचणारी नसावी.

नळकोंडाळ्यांच्या जागा आराखड्यावर बोट ठेवून ठरवू नयेत. पाणी कोण भरते, कोणत्या वाटेने भरते, अंधारात कुठे जायला भीती वाटते, वृद्ध आणि अपंग माणसे कुठपर्यंत चालू शकतात, हे पाणी भरणाऱ्या स्त्रियांबरोबर गावात फिरून पाहावे आणि अंतिम शब्द त्यांचा असावा. गावातल्या कोणत्याही समाजाच्या माणसाला तिथे संकोचाने उभे राहावे लागणार नाही अशीच जागा निवडावी. तशी एकच जागा नसेल तर दोन कोंडाळी बांधावीत. सर्वांत उंच तोटीवरही पाच ते दहा मीटर उंचीचा दाब शिल्लक राहिला पाहिजे. ओटा पक्का, एका बाजूला उतार दिलेला, आणि सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जाणारे हवे, कारण तोटीखाली साचलेले डबके डास वाढवते आणि जुन्या नळाच्या फटीतून परत आत जाऊ शकते.

शुद्धीकरण

नीट बांधलेल्या झऱ्याचे पाणी पुष्कळदा थेट पिण्याजोगे असते. तरीही नवे बांधकाम, नवा नळ आणि टाकी वापरापूर्वी निर्जंतुक करणे आवश्यक आहे. त्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी भरून २४ तास ठेवावे, मग सगळे वाहून द्यावे, मात्र ते ओहोळात सोडू नये, कारण तेवढ्या क्लोरीनने मासे मरतात. १०,००० लिटरच्या टाकीला याप्रमाणे अर्धा किलो क्लोरीन लागतो, म्हणजे २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर दोन किलो.

रोजच्या क्लोरीनसाठी लिटरला एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी: दिवसाच्या २१,६०० लिटरसाठी त्याच पावडरीचे सुमारे ८६ ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडावे. किमान ३० मिनिटांनंतर तोटीवर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. क्लोरोस्कोपने, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या साधनाने, तो पाहून मात्रा कमी-जास्त करावी. पावडर उष्णता, उजेड आणि ओल यांनी मंद होते, म्हणून जुन्या पोत्याच्या भरवशावर राहू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. पाणी आधी निवळले पाहिजे.

झरा अपुरा पडून ओढ्याचे पाणी घ्यावे लागत असेल, तर दुर्गम गावासाठी मंद वाळू गाळणीइतके भरवशाचे दुसरे साधन मला दिसत नाही. तिला वीज लागत नाही, रसायन लागत नाही, आणि क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जीवांनाही ती मोठ्या प्रमाणात अडवते. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने ८,००० हून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच एल्बे नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या सांडपाण्याखालचे पाणी घेत होते, पण वाळूतून गाळून, आणि ते साथीतून मोठ्या अंशी बचावले. या गाळणीत सुमारे एक मीटर जाडीच्या बारीक, धुतलेल्या वाळूतून पाणी तासाला ०.१ ते ०.२ मीटर वेगाने उतरते आणि वाळूच्या माथ्यावर जिवंत साय धरते, जी जंतूंना खाते व अडवते. ही साय तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवरचे पाणी क्लोरीन घालूनच द्यावे. आपल्या उदाहरणाला ९ चौरस मीटर वाळू लागेल. ती साडेचार-साडेचार चौरस मीटरच्या दोन कप्प्यांत विभागावी, म्हणजे एकाचा वरचा एक-दोन सेंटिमीटर थर खरवडताना दुसरा दुप्पट वेगाने चालू राहतो. वाळू कधीही कोरडी पडू देऊ नये.

घरात पाणी अरुंद तोंडाच्या, तोटीच्या भांड्यात ठेवावे, कारण तोटीपर्यंत शुद्ध असलेले पाणी भांड्यात बुडवलेल्या हाताने पुन्हा दूषित होते. योजना बिघडलेल्या दिवसांत उकळणे हाच आधार. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांना. म्हणून २,००० मीटरच्या वर खळखळ उकळी आल्यानंतर तीन मिनिटे ते तसेच ठेवावे.

झरा गावाच्या खाली असेल तर

अशा वेळी पाणी चढवावे लागते. सौर पंप आज सर्वांत सोयीचा आहे, मात्र तो झऱ्याच्या पातळीजवळ बसवावा. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि ३,००० मीटर उंचीवर ही मर्यादा तत्त्वतः सुमारे सात मीटर, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी असते. ओहोळाला पुरेसा विसर्ग आणि थोडा उतार असेल तर हायड्रॉलिक रॅम हा पंप विचारात घ्यावा. वाहत्या पाण्याला अचानक थांबवून त्याच्या धक्क्याने थोडे पाणी वर ढकलणारे हे यंत्र फ्रान्समध्ये १७९६ साली तयार झाले आणि त्यात अजूनही दोन झडपांखेरीज हलणारे काही नाही. सेकंदाला एक लिटर पाणी पाच मीटर पडत असेल तर ६० टक्के कार्यक्षमतेने ते ५० मीटर उंचीवर दिवसाला सुमारे ५,००० लिटर चढवते. तेही जमत नसेल तर छपरावरचे पाणी साठवावे: ४० चौरस मीटर छपरावर वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती लागला, तर ३२,००० लिटर होतात. प्रत्येक पावसाचे पहिले पाणी मात्र बाहेर सोडावे.

योजनेचा सांभाळ

बांधकाम सुरू होण्याआधीच पाणी समिती निवडावी, तिच्यात पाणी भरणाऱ्या स्त्रिया निम्म्या तरी असाव्यात, आणि खजिना व सही एकाच माणसाच्या हाती नसावी. गावातल्याच एक-दोघांना बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून कामावर घ्यावे. ज्याने सांधा स्वतः जोडला आहे त्याला तो पुढे दुरुस्तही करता येतो. या देखभाल करणाऱ्याला मानधन दिले पाहिजे. फुकट सेवेवर उभी केलेली देखभाल पेरणी-कापणीच्या दिवसांत थांबते, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो. पाणीपट्टी इतकी असावी की मानधन, क्लोरीन आणि सुटे भाग यांचा खर्च भागून काही शिल्लक राहील. ज्या घराला ती परवडत नाही त्याची सूट समितीने उघडपणे ठरवावी, त्याचे पाणी तोडू नये.

देखभाल करणाऱ्याने दर आठवड्याला नळाच्या वाटेने चालत जाऊन ओल, खचलेली माती आणि हिरवागार उगवलेला एकाकी पट्टा पाहावा, कारण तो गळतीची खूण असतो. टाक्यांचे झाकण, जाळ्या आणि वरचा चर प्रत्येक मोठ्या पावसानंतर तपासावा, निवळण टाकी महिन्यातून एकदा धुवावी, खोलगट जागच्या झडपा उघडून गाळ काढावा. त्याच्याजवळ नळ कापण्याची करवत, प्लास्टिक नळाची टोके तापवून जोडण्याचा तवा, प्रत्येक व्यासाचे सांधे, तोट्यांचे वॉशर आणि थोडा नळ कायम असावा. जमिनीखाली नळ कुठून जातो याचा नकाशा मोठे खडक, पूल, घरांचे कोपरे अशा न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरे लिहून तयार करावा आणि त्याच्या प्रती समितीकडे व शाळेत ठेवाव्यात.

झऱ्याची बादली-घड्याळ मोजणी योजना सुरू झाल्यानंतरही दर महिन्याला चालू ठेवावी आणि त्याच वहीत पावसाची नोंद करावी. पाऊस नेहमीसारखा असूनही कोरड्या ऋतूतली धार वर्षागणिक घटत असेल, तर वर पडणारे पाणी जमिनीत मुरत नाही असे समजावे. मुरण्याचे क्षेत्र झऱ्याच्या नेमके वर असेलच असे नाही. खडकांचे थर तिरपे असतील तर ते डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही असू शकते, म्हणून थरांचा कल पाहून, जमल्यास भूगर्भतज्ज्ञाला दाखवून, मगच समपातळी चर आणि खड्डे खणावेत, त्या भागातली चराई काही वर्षे कमी करावी आणि झाडोरा वाढू द्यावा. चरांचा गाळ दर वर्षी पावसाच्या आधी काढावा, आणि धार वाढली का हे ठरवताना एका चांगल्या पावसाच्या वर्षावर न जाता वहीतल्या निदान तीन कोरड्या ऋतूंची तुलना करावी.